थंडीत सकाळी टायरचा पिवळा लाइट काहून लागते, अन् हवा नेमकी कधी मोजायची

भाऊ, तुम्ही लिहिलं की दिवाळीनंतर रोज सकाळी गाडी चालू केली की टायरचा पिवळा लाइट लागते, पंधरा-वीस किलोमीटर गेलं की आपोआप जाते, पंपावर मोजलं तर हवा बरोबर ३३ निघते, अन् पंपावरचा पोरगा म्हणते नायट्रोजन भरून घ्या. सेन्सरवर खर्च करू नका, टायरमधली हवा कमी आहे हे तो सेन्सर खरंच सांगून राहिला. गडबड हवा मोजायच्या वेळेत आहे.

आपल्याकडे थंडीत सकाळ-दुपारचा फरकच लय असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास अन् त्याच दिवशी दुपारी २८-३०, अन् २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपूरला ३.५ पर्यंत उतरला होता. हवा थंड झाली की आकसते, ढोबळ हिशेब असा की साडेपाच अंश उतरले की १ पीएसआय गेला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पंपावरचे ३३ त्यातलेच). म्हणजे ३० अंशात भरलेली ३३ हवा पहाटे १० अंशात ३० च दाखवते, कुठंच पंक्चर नसताना. त्यात आपल्या गावात पंप नाही, तालुक्याला जाईपर्यंत टायर फिरता फिरता सारखा दबून तापते, वरून दुपारचं ऊन, टायरमधली हवा ४५ अंशाला गेली असंल अन् तेव्हा तुम्ही ३३ केली तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती २८ च्या जवळ येते. मंग लाइट लागणारच ना.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर दिसते (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते) त्यावरचा आकडा थंड टायरचा आहे, थंड म्हणजे गाडी कमीत कमी तीन तास उभी. केपीए या दुसऱ्या मापात लिहिलं असंल तर २३० म्हणजे साधारण ३३. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा भरायचा नाही, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, लोक ते पाहून ४४ भरतात अन् मंग पांदणीनं गाडी नुसती उडते, ब्रेक बी नीट लागत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. हवा मोजायचा स्वतःचा एक गेज घ्या, चार-पाचशेत चांगला येते. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायरवर ऊन पडायच्या आधी, अंगणातच चारही टायर मोजा अन् लिहून ठेवा. समजा पुढचा उजवा २९ निघाला, स्टिकरवर ३३ आहे, म्हणजे ४ कमी. पंपावर गेल्यावर त्याच गेजनं परत मोजा, तापून ३२ दाखवला तर त्यात तेच ४ मिळवून ३६ करायचा. हो, ३६, ३३ नाही. पोरगा म्हणंल जास्त होऊन राहिली, त्याला सांगा भर बाप्पा. अर्धा-एक इकडंतिकडं चालते. अन् तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही, कधीच नाही. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप दोनेक हजारात येते, तो घेतला तर घरीच थंड टायरवर भरता येते, हिशेबच करावा लागत नाही. खेड्यात राहणाऱ्यानं तो घ्यावाच असं मला मनापासून वाटते.

भरल्यावर काही गाड्यांत मेन्यूतून रीसेट करावं लागते, नाहीतर लाइट तसाच राहते, गाडीचं पुस्तक पाहा. लाइट आधी मिनिटभर लुकलुक करून मंग कायम राहत असंल तर मात्र ते सिस्टीमचं दुखणं असते, तेव्हा दाखवा.

दुसरी गोष्ट, थंडीनं चारही टायर जवळपास सारखेच उतरतात. एकच टायर बाकीच्यापेक्षा ३-४ नं कमी असंल तर थंडीवर ढकलू नका, काटा शोधा. सध्या कापूस आणायला गाडी वावरापर्यंत जाते, बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये रुतून बसते अन् हवा इतकी हळू जाते की आठ-आठ दिवस समजत नाही. साबणाचं पाणी टाकून बुडबुडे पाहा, हवा भरायच्या वॉल्व्हवर बी टाका. काटा सापडला तर घरी उपटू नका, पंक्चरवाल्याकडं पोचल्यावरच काढा.

नायट्रोजननं नुकसान नाही, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे अन् थंडीत तो बी तेवढाच आकसते. थोडा हळू गळते एवढंच. तुमचा सकाळचा लाइट त्यानं जाणार नाही.

लग्नसराई आहे म्हणून कळकळीनं सांगतो, पाच माणसं अन् डिक्कीभर सामान घेऊन पहाटे २८ वर समृद्धीला लागू नका. तिथं लोक १२० नं जातात, कमी हवेचा टायर बाजूनं सारखा दबते, आतून तापते अन् फुटते. भरल्या गाडीसाठी बऱ्याच गाड्यांत स्टिकरवर वेगळा आकडा असते, तो पाहून भरा, स्टेपनी बी मोजा.

फेब्रुवारी संपता संपता परत सकाळी मोजा, कारण १० अंशात भरलेली ३३ उन्हाळ्यात पहाटेच ३६ दाखवते, तेव्हा थंड टायरवरच थोडी कमी करावी लागते. उद्या सकाळचे चारही आकडे अन् स्टिकरवरचा आकडा लिहून टाका, मंग थंडी आहे का काटा ते सांगतो.