दसऱ्याला पाटावर काय ठेवायचं?

लाडक्या चिऊ,

गेल्या आठवड्यात तू विचारलंस, "आई, दसऱ्याला तू लॅपटॉपला हळदकुंकू का लावतेस? तो काय देव आहे?" चालता चालता सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. शब्द अडले तर बाबाला विचार.

आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची खंडेनवमी-दसऱ्याला पूजा होते. सुतार करवत-पटाशी मांडतो, रिक्षावाला रिक्षा धुऊन हार घालतो, शाळेतली मुलं पाटीवर सरस्वती काढतात. माझ्या अण्णांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं पोट साच्यावर होतं. गिरणीत कापड विणायच्या मागाला साचा म्हणत.

राजापूरकडून ते पोरवयात मुंबईला आले आणि बदली कामगार म्हणून, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्याच्या जागी काम करणारा म्हणून, लालबागच्या एका गिरणीत लागले. पुढे कायम झाले, साचेखात्यात. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. आवाज इतका की माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत. घरीही अण्णा समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायचे. पहिल्या पाळीहून आले की भुवयांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असायचे, आणि मी मांडीवर बसून ते वेचायचे. माझ्या परकराची शिवण उसवली की ते दोऱ्याची दोन टोकं चिमटीत धरत आणि न बघता गाठ मारत. डोळ्यांनी शोधावी लागेल एवढीशी गाठ. साच्यावर दिवसभर हेच काम.

पगाराचं पाकीट ते न फोडता देवापुढे ठेवत. मग आजी उघडायची. पहिली मनीऑर्डर गावाला, त्यांच्या आईला. मग वाणी, मग आमच्या वह्या. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेलं मला आठवत नाही.

दसऱ्याला गिरणीचं फाटक घरच्यांसाठी उघडं असायचं. पताका, झेंडूची तोरणं, साबणाने पुसून चकचकीत केलेले साचे. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आम्हाला आपल्या साच्यांपाशी नेत, कुंकू लावत, धोट्यावर, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यावर, फूल ठेवत आणि दोन्ही हात जोडत. जॉबरसमोर, म्हणजे खात्यातल्या मुकादमासमोर, कधी न वाकणारा माणूस तिथे वाकायचा. मुंबईच्या गिरण्यांतली कितीतरी यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कारखान्यातून आलेली होती. आपल्या मँचेस्टरच्या घरापासून ओल्डहॅम किती जवळ, ते तुला ठाऊक आहेच. अण्णांना हे सांगायला मिळालं असतं तर त्यांनी मला दहा प्रश्न विचारले असते.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, आणि बहुतेकांची नोकरी परत आली नाही. अण्णांचीही नाही. आजीने घरात खानावळ सुरू केली. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारपासून स्टोव्ह फुरफुरायचा. अण्णा पीठ मळून द्यायचे, भाज्या चिरायचे, डबे पोचवायचे. चाळीत कुणी कुणी हसायचं. बायकोच्या हाताखाली काम करतो म्हणायचं. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही आणि एक दिवसही डबा उशिरा गेला नाही. कष्ट म्हटलं की मला साच्याआधी ते डबे आठवतात.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही भावंडं गप्प होतो, कारण फाटकाला कुलूप होतं. अण्णा मात्र नेहमीसारखे लवकर उठले, दादरहून झेंडू आणला, पाट मांडला. त्यावर आजीचा स्टोव्ह राखेने घासून ठेवला, शेजारी पोळपाट-लाटणं. आजी म्हणाली, "अहो, हे काय? माझ्या भांड्यांची कसली पूजा?" ते म्हणाले, "घर आता ह्याच्यावर चालतंय ना?" आणि साच्याला करायचे तसाच दोन्ही हातांनी नमस्कार केला. आजी पदर तोंडाला लावून आत वळली. आत म्हणजे तरी कुठे, मोरीपर्यंत.

तर लॅपटॉप देव नाही, चिऊ. त्याच्यावर आपलं भाडं निघतं, तुझ्या व्हायोलिनची फी निघते. येत्या दसऱ्याला बाबाच्या हत्यारांची पेटीही मांडू. तुझं काय ठेवायचं ते तू ठरव; पण जे ठेवशील ते आदल्या दिवशी स्वतः पुसून आण. आणि पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आजोबांचाच नियम.

तुझी
आई