ओझी आर्दिलेस खरंच वाईट मॅनेजर होता का?

तुमचा प्रश्न असा आहे: सिमिओने, गायार्दो हे अर्जेंटिनाचे मधल्या फळीतले खेळाडू पुढे नावाजलेले मॅनेजर झाले, मग ओस्वाल्दो ऊर्फ ओझी आर्दिलेसचा विषय निघाला की लोक त्याच्या हाताखाली टॉटनहॅम या लंडनच्या क्लबने 1994 मध्ये खाल्लेले गोलच का आठवतात? तो इतका वाईट होता का?

माझ्या मते नाही. त्याच्यात एक दोष होता आणि तो गंभीर होता, पण तो दोष कुठून आला हे समजायला आधी त्याचा खेळ समजून घ्यावा लागतो. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आर्दिलेस मूळचा अर्जेंटिनातल्या कोर्दोबाचा, जन्म 1952 चा. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचा, आणि फुटबॉलबरोबर कायद्याचा अभ्यास करणारा. इन्स्तितुतो, बेल्ग्रानो या क्लबांतून 1975 मध्ये तो ब्यूनस आयर्सच्या उराकान क्लबात आला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी सेसार लुईस मेनोत्तीने याच उराकानला अर्जेंटिनाचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. मेनोत्ती तोवर राष्ट्रीय संघाकडे गेला होता आणि 1978 च्या विश्वचषकासाठी त्याने आर्दिलेसला उचललं. त्या संघात जर्सीचे नंबर आडनावांच्या अक्षरक्रमाने दिले होते, म्हणून याच्या पाठीवर 2 नंबर होता. 1982 मध्ये तर गोलरक्षकाचा 1 नंबर याच्याकडे आला. जुने सामने बघणारे अनेक जण इथे गोंधळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

1978 च्या त्या संघाची मधली फळी नीट बघा. पुढे धावणारा केम्पेस, त्याला चेंडू पुरवणारा आर्दिलेस आणि दोघांच्या मागे अमेरिको गायेगो. गायेगो चेंडू अडवायचा, मोकळी जागा बुजवायचा आणि साधा पास देऊन बाजूला व्हायचा. त्याच्याही मागे कर्णधार पासारेला. आर्दिलेसला हवं तिथे फिरायची मुभा होती, कारण तो सोडून आलेली जागा राखायला कोणीतरी होतं. माझ्या उत्तराचं मूळ इथेच आहे.

विश्वचषक जिंकल्यानंतर काही आठवड्यांतच तो आणि संघातला सोबती रिकी व्हिया टॉटनहॅममध्ये दाखल झाले. दोघांसाठी मिळून सुमारे साडेसात लाख पौंड मोजले गेले. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूंवरची बंदी त्याच वर्षी उठली होती, आणि टॉटनहॅम नुकताच दुसऱ्या विभागातून पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या विभागात आलेला क्लब. जगज्जेते अशा क्लबात जातील असं कोणाला वाटलं नव्हतं. मॅनेजर कीथ बर्किन्शॉने मात्र स्वतः ब्यूनस आयर्स गाठून व्यवहार पक्का केला. सुरुवात खडतर होती: घरच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिलाकडून 4-1 आणि थोड्याच दिवसांत लिव्हरपूलकडून 7-0 असा मार बसला. त्या पराभवांनंतर ‘हे नाजूक परदेशी इथल्या चिखलात टिकणार नाहीत’ असं म्हटलं जात होतं. पण आर्दिलेस टिकला, आणि ग्लेन हॉडलबरोबर त्याने त्या काळच्या इंग्लंडमधली सर्वांत देखणी मधली फळी उभी केली. 1981 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या चषकाची, अंतिम लढत पुन्हा खेळवावी लागली आणि टॉटनहॅम 3-2 ने जिंकला. व्हियाने चार-पाच जणांना चकवून केलेला गोल त्याच सामन्यातला. इथेही मागे कर्णधार स्टीव्ह पेरीमन, ग्रॅहम रॉबर्ट्स, पॉल मिलर अशी खमकी माणसं होती.

मग 1982. अर्जेंटिनाचं सैन्य 2 एप्रिलला ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी आर्दिलेस लेस्टरविरुद्ध एफए कपच्या उपांत्य सामन्यात खेळला. त्याच्या पायात चेंडू आला की विरोधी प्रेक्षक हुर्यो करत होते आणि टॉटनहॅमचे पाठीराखे त्याच्या नावाचा गजर करत होते. त्यानंतर तो आधीच ठरल्याप्रमाणे विश्वचषकाच्या तयारीसाठी मायदेशी गेला. 1 मे रोजी त्याचा चुलतभाऊ, हवाई दलातला वैमानिक होसे आर्दिलेस, या युद्धात मारला गेला. आपला देश आणि आपलं घर झालेला देश एकमेकांशी लढताहेत, आणि घरातला माणूस त्यात गेला, अशा अवस्थेत कोणी चेंडू कसा खेळत असेल याची मला कल्पना करवत नाही. पुढचा हंगाम तो पॅरिस सेंट जर्मेनला उसना गेला, पण मन रमलं नाही आणि 1983 च्या सुरुवातीला टॉटनहॅमला परतला. 1984 च्या यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत अँडरलेख्टविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि तोही कप टॉटनहॅमने पेनल्टींवर जिंकला.

आता मॅनेजर आर्दिलेस. त्याची पहिली नोकरी 1989 मध्ये दुसऱ्या विभागातल्या स्विंडनची. लांब चेंडू मारून पळायची सवय लागलेल्या संघाला त्याने जमिनीवरून पास खेळायला लावलं. मधल्या फळीत चौघांची चौकट मांडली: एक पुढे, एक मागे, दोन बाजूंना. पहिल्याच हंगामात स्विंडन प्ले-ऑफच्या, म्हणजे वर जाण्यासाठीच्या बाद सामन्यांच्या, अंतिम सामन्यात पोचला आणि 28 मे 1990 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर संडरलंडला 1-0 ने हरवून पहिल्या विभागात गेला. गेला म्हणायचं फक्त! बहुतांशी आर्दिलेसच्या आधीच्या काळातल्या पैशांच्या गैरव्यवहारामुळे क्लबची बढती काढून घेतली आणि वर गेला तो हरलेला संडरलंड. त्याच्या कारकिर्दीबद्दल बोलताना लोक हे प्रकरण का वगळतात मला कळत नाही. ती बढती टिकली असती तर त्याच्याकडे बघायची सगळ्यांची नजर वेगळी असती. तीन वर्षांनी हाच क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तोवर नाव बदललेल्या सर्वांत वरच्या विभागात गेला तो त्याचा जुना सोबती हॉडलच्या हाताखाली. पण पासिंगचा पाया आर्दिलेसने घातलेला होता.

न्यूकॅसलमध्ये मात्र फसगत झाली. पैसा नव्हता, म्हणून त्याने ली क्लार्क, स्टीव्ह हाउई, स्टीव्ह वॉटसन अशा पोरांवर भिस्त ठेवली. संघ दुसऱ्या विभागाच्या तळाशी गेला आणि फेब्रुवारी 1992 मध्ये त्याला काढून केव्हिन कीगनला आणलं. तीच पोरं पुढे कीगनच्या प्रीमियर लीगमधल्या संघात खेळली. त्यानंतरच्या वर्षी वेस्ट ब्रॉममध्ये त्याने पोर्ट व्हेलला वेम्ब्लीवर 3-0 ने हरवून क्लबला वर नेलं. तिथे त्याचा सहायक कोण होता? कीथ बर्किन्शॉ, त्याला इंग्लंडला आणणारा माणूस.

1993 च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमने बोलावलं आणि तो गेला. क्लबची तेव्हाची अवस्था ध्यानात घ्या. मालक अ‍ॅलन शुगरने टेरी व्हेनेबल्सला काढल्यामुळे पाठीराखे संतापलेले, कोर्टकचेऱ्या चाललेल्या. पहिल्या हंगामात संघ पंधरावा आला. त्यात 1994 मध्ये जुन्या आर्थिक गैरप्रकारांसाठी गुणकपात आणि एफए कपमधून बंदी अशी शिक्षा झाली. ती पुढे रद्द झाली, पण हंगाम सुरू होताना डोक्यावर टांगती होतीच. अशा वेळी जर्मनीचा क्लिन्समन आणि रुमानियाचा दुमित्रेस्कू आले. शेरिंगहॅम, बार्म्बी आणि अँडरटन होतेच. आर्दिलेसने या पाचही आक्रमक खेळाडूंना एकत्र उतरवलं. शेफील्ड वेन्सडेच्या मैदानावर पहिलाच सामना 4-3 ने जिंकला आणि सगळा देश या संघाबद्दल बोलू लागला.

त्या दिवशी पाच जणांच्या मागे मधल्या फळीत कोण होता? कॉलिन काल्डरवुड, स्विंडनहून आणलेला, खरा बचावपटू. एकट्याने एवढी जागा राखणं कोणालाच शक्य नव्हतं. नंतर मधल्या फळीसाठी पोपेस्कू आला तरी तोल सावरला नाही. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर सिटीने 5-2 ने हरवलं, चारच दिवसांत खालच्या विभागातल्या नॉट्स काउंटीने लीग कपमधून 3-0 ने बाहेर काढलं, आणि काही दिवसांत आर्दिलेसची नोकरी गेली. नंतर आलेल्या जेरी फ्रान्सिसने डेव्हिड हॉवेल्सला बचावफळीच्या पुढे उभं केलं, बाकी क्लिन्समन-शेरिंगहॅम तेच. संघ सातवा आला आणि एफए कपच्या उपांत्य फेरीत पोचला.

म्हणजे त्याला फुटबॉल कळत नव्हतं असं नाही. आयुष्यभर त्याच्या मागे गायेगो किंवा पेरीमन उभा होता, आणि मॅनेजर झाल्यावर टॉटनहॅममध्ये त्याने नेमकी तीच जागा मोकळी सोडली. मेनोत्तीच्या शिकवणीतलं धाडस त्याने घेतलं. त्या धाडसाला मागून आधार कोण देत होतं, याचा हिशेब मात्र टॉटनहॅममध्ये चुकला. हा दोष मी झाकणार नाही.

पण इंग्लंडबाहेरचं काम कोणी बघतच नाही. मेक्सिकोतल्या थोड्या काळानंतर 1996 मध्ये तो जपानच्या शिमिझु एस-पल्सकडे गेला, सोबत सहायक म्हणून पेरीमन. त्याच वर्षी लीग कप जिंकला. 1997 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या काठावर आला तरी संघ विस्कटला नाही, आणि 1998 मध्ये आर्दिलेस जे-लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. तो गेल्यावर पेरीमनने तोच संघ 1999 मध्ये विजेतेपदाच्या निर्णायक लढतीपर्यंत नेला. 1 जानेवारी 2005 रोजी टोकियो व्हर्डीला त्याने जुबिलो इवाताविरुद्ध जपानचा सम्राट चषकही जिंकून दिला. त्याच वर्षी व्हर्डीची घसरण झाली आणि त्याला जावं लागलं, हेही खरं. झाग्रेब, रेसिंग, बेतार जेरुसलेम, पुन्हा उराकान, सेरो पोर्तेन्यो ही बाकीची ठिकाणं थोड्या थोड्या मुक्कामाची होती, त्यांवरून मत बनवू नका.

सिमिओनेशी तुलना करणाऱ्यांना एवढंच सांगेन: सिमिओने स्वतः अडवणारा, जागा राखणारा खेळाडू होता, त्यामुळे संघ बांधताना त्याचा पहिला विचार तिथूनच सुरू होतो. आर्दिलेसचा पहिला विचार चेंडू आपल्या पायात आल्यावर काय करायचं हा होता. वेळ असेल तर 1981 चा पुन्हा खेळवलेला अंतिम सामना आणि 1994 चा शेफील्डचा सामना लागोपाठ बघा. चेंडूवरची नजर काढून फक्त टॉटनहॅमच्या बचावफळीच्या पुढची जागा कोण राखतंय तेवढं बघा, आणि मग तुम्हाला काय वाटतं ते इथे लिहा.