पिकअपचं फोर बाय फोर अडकल्यावर लावायचं की आधी?

तुम्ही विचारलंय, पावसाळ्यात अणुस्कुरा घाटात पिकअप ४एचमध्येच (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचा) ठेवली तर चालेल का, आणि ४एल (फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर, पण वेग कमी आणि ताकद जास्त) नक्की कधी लावायचं. घाटात नको. डांबर ओलं असलं तरी डांबरच. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मधलं डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं, त्यामुळे ४एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो आणि तो फरक चाक घसरल्याशिवाय भरून निघत नाही. चिखलात ते सहज घसरतं. डांबरावर मात्र स्टेअरिंग जड होतं, गाडी आचके देते आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो. दरडीची माती रस्त्यावर आली असेल तर तेवढ्यापुरतं लावा, पुढे लगेच काढा.

४एलवरून आमच्या घरात अजून वाद आहे. राजापूरकडे आमची हापूसची बाग, तीही उतारावर. मे अखेरीस शेवटची तोड चालू असताना पाऊस कोसळला. भिजलेली तांबडी माती साबणासारखी होते. भरलेले क्रेट घेऊन गाडी वर रस्त्याला काढायची होती, दादा स्टेअरिंगवर. चढणीच्या पायथ्याशीच मी म्हटलं, "दादा, इथेच थांब, फोर लो लाव, मग चढव." त्याचं ठरलेलं उत्तर: "अडकलो तर लावू. आधीच लावलं तर अडकल्यावर काय लावशील?"

अर्ध्यावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. त्याने रेस दिली, चाकांनी खड्डे खणले आणि गाडी पोटावर बसली. मग ४एल लावलं. पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं गरगरत राहिलं, कारण डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्रच फिरवणारी सोय) नाही. सगळे क्रेट उतरवून गड्यांनी आणि आम्ही डोक्यावरून वर नेले, चाकांखाली झावळ्या आणि जांभ्याचे तुकडे घातले. वाशीला जाणारा ट्रक तोवर निघून गेला होता. दादा आजही टायरना दोष देतो. टायर त्याच वर्षी घातलेले होते.

आधी लावलं की माणूस आणखी आत जाऊन अडकतो, हेही तो सांगतो. ते अनोळखी वाटेवर खरं असेल, म्हणून तिथे आधी पायी जाऊन बघावं. रोजच्या पायाखालच्या वाटेला हे कारण चालत नाही.

गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, मगच ४एल लावा. चाकाला साधारण अडीच पट जोर मिळतो, म्हणून रेस न देता एका लयीत चढवा, मध्ये क्लच दाबू नका. उतरतानाही ४एल आणि पहिला गिअर. इंजिनच गाडी धरून ठेवतं. भरलेली पिकअप चिखलाच्या उतारावर नुसत्या ब्रेकवर सोडणं मला मान्य नाही, चालवणारा कितीही जुना असो.

ऑटो मोड असलेल्या, म्हणजे गरजेप्रमाणे जोर पुढे-मागे स्वतःच वाटणाऱ्या गाडीला घाटाबद्दलचं वरचं सगळं लागू होत नाही, तिचं मॅन्युअल वाचा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत. डांबरावर आल्यावर ४एच सुटत नसेल तर गाडी थोडी सरळ मागे घ्या, ताण मोकळा होऊन सुटतं. आणि रिकामी पिकअप मागून हलकी असते, ओल्या घाटात ती भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरते, तेव्हा वेग कमीच ठेवा.