दीड आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत गोव्याला जावं का?

जा, नक्की जा. फक्त नाताळ उरकल्यावर न जाता नाताळच्या आधी जा, आणि अख्खा गोवा बघायच्या नादी न लागता एका गावात जाऊन राहा.

तुम्ही पुण्याहून निघणार, धाकट्याला गाडी लागते, गर्दी आणि महागाईचं ऐकून धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय, सोबत बघायच्या ठिकाणांची यादीही दिलीय. मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन मडगावात आले. माझी मुलं इथेच वाढली आणि डिसेंबर आला की माहेरचं कुणी ना कुणी लेकुरवाळं आमच्याकडे उतरतंच. त्यामुळे लहान मुलांना इथे काय मानवतं आणि कशाने ती किरकिरी होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आधी तारखांचं बघू. शक्य असेल तर 20-21 डिसेंबरला या आणि 26 ला परत फिरा. बहुतेक लोक उलटं करतात, 25 ला येतात आणि नववर्षापर्यंत राहतात. त्या आठवड्यात उत्तर गोव्यातल्या कळंगुट-बागा भागात रस्ते तुंबलेले असतात, खोल्यांचे दर चढलेले असतात आणि रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. दीड वर्षाचं मूल घेऊन तिथे कशाला अडकायचं? त्याआधीचे दिवस मात्र गोव्याचे स्वतःचे असतात. घरांना रंग लागतो, बाल्कनीत चांदण्यांचे कंदील चढतात, सासष्टीतल्या, म्हणजे मडगावच्या आसपासच्या तालुक्यातल्या गावांत दुपारी फिरलं तर घराघरातून नारळाचा रस आणि गूळ आटवल्याचा वास येतो.

राहायला म्हणूनच दक्षिण गोवा निवडा. बाणावली, कोलवा, वार्का ही गावं मडगावपासून जवळ आहेत, किनारा लांबलचक आणि रुंद आहे, आणि गावात घरगुती खोल्या मिळतात. खोली घेताना समुद्र दिसतो का हे विचारण्याआधी स्वयंपाकाची सोय आहे का ते विचारा. मुलांचा वरणभात खोलीवर शिजला की निम्मी काळजी मिटते. इथल्या उकड्या तांदळाची पेज तर लहानांच्या पोटाला फार चांगली. आमच्याकडे आलेल्या भाचरांनी घरी जाऊन तीच मागितली आहे.

प्रवासाचं म्हणाल तर गाडी लागणाऱ्या मुलाला घाटातून मोटारीने आणू नका. आंबोली असो की चोर्ला, वळणं मुलाच्या जिवावर येतात आणि पहिला दिवस सगळ्यांचाच वाया जातो. पुण्याहून गोवा एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, लोंढा करत येते आणि दिवसाउजेडी घाट उतरते. दूधसागरचा धबधबा गाडीतूनच दिसतो. डिसेंबरात पाणी पावसाळ्याइतकं नसतं, पण पाच वर्षांच्या मुलाला ते पुरेसं असतं, शिवाय बोगदे येतात ते वेगळंच. गाडी पुण्याला भल्या पहाटे येते, तेव्हा मुलांना झोपेतच उचलून न्यायची तयारी ठेवा, आणि चालू वेळापत्रक मात्र स्वतः तपासून घ्या. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या तारखा लगेच संपतात. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा न घेता तिकीट लागत नाही. थोरल्याला पाच पूर्ण झाली असतील तर जागेशिवाय अर्धं तिकीट आणि जागा हवी असेल तर पूर्ण. माझं मत विचाराल तर त्याला स्वतंत्र बर्थ घ्याच.

आता मुलांना खरंच काय आवडतं ते सांगते, कारण तुमच्या यादीतली बरीच ठिकाणं मोठ्यांची आहेत.

सगळ्यात जास्त आवडतो तो गोठा. येशूच्या जन्माचा देखावा इथे चर्चच्या आवारात असतो, घराच्या ओट्यावर असतो, वाडीवाडीतली पोरं मिळून रस्त्याच्या कडेलाही उभारतात. माती, गवताची पेंढी, बांबू, जुनी पोती, दगडगोटे, जे हाताशी असेल त्यातून डोंगर होतो, ओढा होतो, झोपडी होते. त्यात हिरवळ हवी म्हणून काही दिवस आधी नाचणी पेरतात. आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो, तसंच ते कोवळं, दाट उगवतं आणि मुलांचा हात त्यावरून फिरल्याशिवाय राहत नाही. मग मेंढरं, गाय, गाढव, मेंढपाळ, येशूचे आईवडील मारिया आणि जुझे मांडले जातात. मधली गव्हाण मात्र रिकामी असते. बाळ येशूची मूर्ती 24 च्या मध्यरात्रीच ठेवायची असा रिवाज आहे.

लहान मुलांना ही रिकामी गव्हाण लगेच दिसते. माझी मुलगी चार वर्षांची असताना शेजारच्या आजींच्या गोठ्यापुढे उकिडवी बसून रोज विचारायची, "बाळ कुठाय?" आणि आजी तिला दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "वाटेवर आहे, यायला हवं." 25 ला सकाळी ती दात न घासता पळाली होती. म्हणून म्हणते, 22 किंवा 23 ला थोरल्याला जवळचा एखादा गोठा दाखवून ठेवा आणि 25 ला तोच परत दाखवा. एकाच गावात राहिलात तरच हे जमतं. गोठा घराच्या अंगणात असेल तर दारातून हाक मारून विचारा. मुलं सोबत असली की माणसं आनंदाने आत बोलावतात.

गावातल्या घरी उतरलात तर फराळही बघायला मिळेल. कुलकुल करायला मुलांना बसवतात. गोड पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळायची, की तिला रेघा पडतात. थोरला तासभर रमेल. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या, त्या आणि दोदोल, म्हणजे नारळाचा रस आणि गूळ आटवून केलेली मिठाई, सहसा अंड्याशिवाय असतात. बेबिंका या थरांच्या केकसारख्या गोडात मात्र अंड्याचा बलक भरपूर असतो. तुम्ही अंडं खात नसाल तर आधी विचारा, कुणाला वाईट वाटत नाही. दोदोलात काजूचे तुकडे असतात, धाकट्याला देताना काढून द्या. नाताळचं ताट शेजारी पाठवायची पद्धत इथे आहे, त्याला कोंसवाद म्हणतात, आणि ते हिंदू घरांतही येतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणि दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. तुम्ही पुण्याहून चिवडा, चकल्या किंवा बाकरवडीचा एखादा डबा आणलात तर ताटाला परत देण्यासारखं तुमच्याकडेही काहीतरी असेल. हे मी अगदी आग्रहाने सांगते.

24 च्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चच्या सामुदायिक प्रार्थनेला, मुलांना नेऊ नका. ती बऱ्याचदा उघड्या पटांगणात असते, दंव पडतं, आणि दीड वर्षाचं मूल त्या शांततेत रडायला लागलं की आईचाच जीव कासावीस होतो. त्याऐवजी 25 ला संध्याकाळी चर्च बघा. मडगावचं होली स्पिरिट चर्च आणि त्यासमोरचा चौक रोषणाईत फार सुंदर दिसतो. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभं राहायचं, खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि प्रसाद समजून कम्युनियनच्या रांगेत जायचं नाही, तो फक्त कॅथलिकांसाठी असतो. एवढं पाळलं की तुम्हाला कुणी परकं मानत नाही.

समुद्रावर सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर जा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अंधार पटकन पडतो. लाल-पिवळे झेंडे लावलेल्या टप्प्यातच पाण्यात उतरा, नुसता लाल झेंडा असेल तर मुळीच नाही. दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं, एकेकाचं मूल ठरलेलं. "तुझं लक्ष आहे ना" असं एकमेकांवर सोडू नका.

फिरण्यासाठी एक दिवस पुरे. जुने गोवे करा, पण चर्चच्या रांगेत मुलांचा अंत बघू नका. तिथून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट मुलांसाठी खरी मजा आहे, मोटारी चढतात, भोंगा वाजतो, पाणी कापत बोट पलीकडे जाते. दुसरं, लोटली गावातलं बिग फूट हे संग्रहालय, तिथे पूर्वीच्या गोव्यातल्या गावगाड्याचे पुतळे आणि जांभ्यात कोरलेली आडवी, भव्य संत मीराबाई. मंगेशी-शांतादुर्गा वाटेत होतं. बाकीचं मुलं मोठी झाल्यावर.

एक अगदी कामाची गोष्ट. 25 ला सासष्टीतली बरीच दुकानं बंद असतात. दूध, डायपर, तापाचं औषध 24 ला दुपारपर्यंत मडगावच्या बाजारातून घेऊन ठेवा. भाड्याने मोटार घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, ती परवान्याची असते. दोन मुलांना घेऊन स्कूटरवर फिरणारी कुटुंबं मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी पोटात गोळा येतो.

आणि या तारखांचं तिकीट मिळालंच नाही, तर हिरमुसू नका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नववर्षाची गर्दी ओसरली की या. बरेच गोठे तोवर उभे असतात आणि 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतं; बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची ती आठवण. मडगावजवळच्या चांदरला तीन मुलं मुकुट घालून राजे होतात. उत्तर गोव्यातल्या रेइश मागुशलाही हे फेस्त होतं. शाळेतून थोरल्याला दोन दिवस मागून घ्यावे लागतील, बालवाडीत असेल तर मिळतीलही.