फ्रीलान्सिंगमध्ये एकाच वेळी चार-पाच क्लायंट असतील तर कामं निसटू नयेत म्हणून काय करावं?

तुमचे दोन क्लायंट व्हॉट्सॲपवर, तीन ईमेलवर, आणि कोणतं ॲप घ्यावं असं तुम्ही विचारलंय. मी इंग्रजी-मराठी भाषांतर करते. माझ्या मते ॲपचा प्रश्न नंतरचा. क्लायंट कुठेही बोलू दे, काम एकाच जागी नोंदवायचं, आणि नोंदवल्याशिवाय कोणालाही 'हो' म्हणायचं नाही, एवढं आधी ठरवा.

माझी एक साधी गूगल शीट आहे. प्रत्येक क्लायंटचा वेगळा टॅब मी मुद्दाम ठेवत नाही. टॅब वेगळे असले की बुधवारी तिघांची कामं एकत्र येतायत हे मंगळवारी रात्री कळतं. सगळी कामं एकाखाली एक, द्यायच्या तारखेनुसार. एक ओळ साधारण अशी: 'बुध. दु. ४, ट्रॅक्टरचं मॅन्युअल, २,४०० शब्द, पीओ यायचाय.' (पीओ म्हणजे क्लायंटची लेखी ऑर्डर.) यातला शब्दांचा आकडा सर्वांत कामाचा. तपासणी धरून दिवसाला दोन-अडीच हजार शब्द नीट होतात, म्हणजे तो बुधवार भरला. आणखी कोणी हजार शब्द मागितले तर लगेच सांगता येतं, 'गुरुवारी संध्याकाळी देते, चालेल का?' बहुतेकांना चालतं. तुमचं काम डिझाइनचं किंवा कोडिंगचं असेल तर शब्दांऐवजी तास लिहा, पण दिवसाला किती झेपतं ते आकड्यात हवंच.

परदेशी क्लायंट असेल तर 'ईओडी' (दिवसअखेर) एवढ्यावर कधीच थांबू नका, भारतीय वेळ लिहून मागा. लंडनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेपाच तासांवरून साडेचारवर येतं. ऑक्टोबरअखेर पुन्हा उलट.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर काही ठरलं की मी दोन ओळींचा मेल टाकते: काय, कधीपर्यंत, किती रुपये. क्लायंटच्या सवयी बदलायला जाऊ नका, त्यात फार शक्ती जाते.

आणि पैशांचे रकाने त्याच शीटमध्ये ठेवा. हे मी आग्रहाने सांगतेय, कारण काम वेळेवर देणारी कितीतरी मंडळी बिल पाठवायलाच महिना लावतात. बिलाची तारीख, मुदत, जमा झालेली रक्कम, कापलेला टीडीएस (क्लायंट तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरतो तो आयकर), एवढं पुरे. व्यावसायिक फीवर सहसा १० टक्के टीडीएस कापतात. तो खरंच भरला गेलाय का, ते दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवरच्या तुमच्या करजमा विवरणात (२६एएस) बघा. वर्षाच्या शेवटी पाच जणांच्या अकाउंट्सवाल्यांमागे धावणं फार त्रासाचं असतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून घ्या. ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा सांगतो. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. म्हणून उद्यम क्रमांक बिलावरच छापा. भारतीय कंपन्यांकडची थकबाकी असेल तर फेब्रुवारीअखेर यादी काढून प्रत्येकाला मेल करा. वर्ष बंद व्हायच्या आत पैसे सोडण्यात त्यांचाही फायदा असतो.