हेडलेस बेस गिटार घ्यावी का? दहा-पंधरा वर्षं टिकते का, विकताना किंमत येते का?

मी नागपूरचा, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. १९९९ पासून माझ्याकडे एकच हेडलेस आहे, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) टोकाला किल्ल्यांचं डोकं नसलेली. होनर कंपनीची, सेकंडहँड, नेड स्टाइनबर्गरच्या डिझाइनवर परवाना घेऊन बनवलेली. त्यामुळे टिकण्याचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे.

पहिल्याच रिहर्सलला आमचा लीड गिटारवाला म्हणाला, "काहून बे, कपडे धुवाले मोगरी आणली काय?" त्यानंतर वर्षानुवर्षं एकच तुणतुणं: डोकं नाही म्हणजे वजन नाही, वजन नाही म्हणजे सस्टेन नाही, म्हणजे सूर लांबत नाही. अरे, स्टाइनबर्गर मुळात फर्निचर डिझाइन करणारा माणूस. नेकच्या टोकाला लटकणारं ओझं त्यानं काढून टाकलं आणि ट्यूनिंगच्या किल्ल्या मागे, ब्रिजवर नेल्या. तारेची लांबी तीच, ३४ इंच. पट्टा खांद्यावर टाकला की नेक खाली झुकत नाही. मी ती स्कूटरवर पायांमध्ये उभी ठेवून नेत असे.

नागपुरातल्या महाल भागात गणपतीचा कार्यक्रम होता. स्टेज म्हणजे दोन तख्तपोस जोडलेले, त्यावर आम्ही आठ जण. ऐन अंतऱ्यात लीडवाला वळला आणि त्याच्या गिटारचं डोकं ऑक्टोपॅडच्या स्टँडला धडकलं. एक किल्ली फिरली, तार उतरली, सोलोचं भजं झालं. मी पोटभर हसलो. पुढच्या दुसऱ्याच गाण्यात माझी 'जी' सुराची, सगळ्यात बारीक तार तुटली. हिला दोन्ही टोकांना गोळी असलेली तार लागते, आणि जादा सेट माझ्याजवळ नव्हता. उरलेला कार्यक्रम तीन तारांवर काढला, 'जी'चे सूर शेजारच्या 'डी' तारेच्या पाचव्या फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या पट्टीपासून) वर. पब्लिकला काही कळलं नाही (बेसवाल्याचं हेच तर दुःख). लीडवाल्याला मात्र कळलं. आजही कोणाच्या लग्नात भेटला की तारेचा किस्सा रंगवून सांगतो, स्टँडचा गाळतो.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीत गेलो. दुकानदारानं तुटलेली तार उलटसुलट करून पाहिली. "दोन्हीकडून गोळी कायले पाहिजे?" शेवटी मुंबईहून मागवली. तोवर साधी तार स्क्रूनं पकडणारा अडॅप्टरही असतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही बेससोबतच तो घ्या, आणि दोन सेट कायम घरात ठेवा. तारा मंद वाजायला लागल्या की मी त्या पाण्यात उकळतो, कोरड्या करतो, परत चढवतो. काही दिवस पुन्हा चमक येते. बायकोनं ते पातेलं कायमचं वेगळं काढलं आहे.

मागच्या किल्ल्यांच्या आट्यांत धूळ बसते आणि त्या इतक्या जड होतात की बोटं सोलतात. वर्षातून एकदा काढून पुसा, थोडं ग्रीस लावा. पकडीनं फिरवू नका, मी फिरवून एकीचे दाते घालवले आहेत.

हो, एक सांगायचं राहिलं. स्टाइनबर्गरची मूळ बेस कार्बन फायबरची होती, ती हवामानाला दाद देत नाही. माझी लाकडाची आहे. मे महिन्यात ४५ अंशांत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला ओरखडे काढतात. कूलरसमोर ठेवली तर उलटं, लाकूड पाणी पितं. नेक वाकली की ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सुधारणारी सळई) पाव आटाच फिरवायचा आणि एक रात्र थांबायचं. म्हणजे डोकं नसल्यानं हा त्रास काही वाचत नाही, एवढं लीडवाल्याचं मान्य. सस्टेनचं नाही.

विकायचं म्हणाल तर इतक्या वर्षांत एकच गिऱ्हाईक आलं. तोच. पोराले पाहिजे म्हणे, मोगरी. नाही दिली.