एआयने बनवलेल्या 'चाइल्ड पॉर्न'साठी मध्य प्रदेश स्वतःचा कायदा का करत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रश्नकर्त्यांच्या मुलीच्या वर्गमैत्रिणीचा सहलीतला फोटो कुणीतरी उचलला, एआय ॲपमध्ये घालून तिला त्यात उघडं केलं आणि ग्रुपवर टाकलं. ठाण्यात उत्तर मिळालं, 'फोटो खरा नाही, मग पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कसा लावणार?' अमेरिकेतली राज्यं यासाठी कायदे बदलताहेत, मग आपलं राज्य कधी बदलणार, असं त्यांना विचारायचंय.

मी इंदूरला जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यातली बरीचशी पोक्सोच्या विशेष न्यायालयात, बहुधा मुलांच्या बाजूने. म्हणून कायदा बदलण्याआधी त्या ठाण्यातल्या उत्तराबद्दल बोलते. ते उत्तर चूक आहे, आणि २०१९ पासून चूक आहे.

पोक्सो कायदा २०१२ चा. २०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे त्या वर्षीच्या १६ ऑगस्टपासून, कलम २ मध्ये 'चाइल्ड पोर्नोग्राफी'ची एक नवी व्याख्या आली. तिच्यात फोटो आणि व्हिडिओ तर आहेतच, शिवाय खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता येणार नाही अशी संगणकाने बनवलेली प्रतिमा आहे, आणि तयार केलेली, फेरफार केलेली, पण मूलच दाखवते आहे असं वाटणारी प्रतिमासुद्धा आहे. तेव्हा आजच्यासारखी ॲप कुणाच्या खिशात नव्हती, तरी मसुदा लिहिणाऱ्याने पुढचं पाहिलं होतं. आपल्याकडे हे क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तुम्हाला जे ऐकवलं तेच मीही ऐकलंय. एका मराठी कुटुंबाबरोबर ठाण्यात गेले होते. समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, असली तो है नहीं, एडिटिंग है." मी पर्समधून बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराचं पुस्तक, काढून ते कलम पुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "ये कब आया?" माणूस वाईट नव्हता. दिवसभर त्यांच्यासमोर ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेल्यांची रांग होती, त्यात आमचं प्रकरण पहिलंच. अज्ञाताविरुद्ध एफआयआर झाली. मुलीचा जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक घरी आल्या, साध्या कपड्यांत, कारण कलम २४ तसं सांगतं. आजींना वाटलं शाळेच्या बाईच आल्या आहेत, त्यांनी मुलीच्या अभ्यासाची तक्रार सुरू केली. त्या बाईंनीही ती शांतपणे ऐकून घेतली. त्या दिवसभरात मुलगी हसली ती तेवढीच.

आता अमेरिका. तिथल्या राज्यांची अडचण वेगळी होती. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ आभासी मुलांच्या चित्रांवरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर फेटाळली. २००३ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नव्याने कायदा केला, पण तो संघराज्याचा. राज्यांचे स्वतःचे फौजदारी कायदे असतात, आणि त्यांतल्या अनेकांत 'खरं मूल' हीच अट राहिली होती. चित्र एआयचं निघालं की राज्याचे सरकारी वकील हात टेकत. कॅलिफोर्नियाने ती अट काढणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. म्हणजे त्यांनी जे भोक बुजवलं, ते आपल्या व्याख्येत नाहीच.

आपली भोकं दुसरीकडे आहेत. पोक्सोचं कलम १३ अशा सामग्रीसाठी 'मुलाचा वापर करणाऱ्या'ला पकडतं, शिक्षा कलम १४ खाली किमान पाच वर्षं. ओळखीच्या मुलीचा चेहरा वापरला असेल तर त्याच कलमाच्या स्पष्टीकरणातल्या 'अन्य कोणतंही तंत्रज्ञान' या शब्दांवर मी निर्धास्त युक्तिवाद करीन. पण चित्रातलं मूल जगात कुठे नसेलच, तर 'वापर' कुणाचा केला? तिथे बचाव पक्षाला जागा मिळते. मग उरतात आयटी ॲक्टचं (माहिती तंत्रज्ञान कायद्याचं) कलम ६७ब आणि पोक्सोचं कलम १५. ६७ब मध्ये डिजिटल प्रतिमा 'तयार करणं' हाही गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत. मात्र तिथे मूल म्हणजे अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती, आणि काल्पनिक मूल ही 'व्यक्ती' आहे का, हा वाद कुणीतरी घालणारच. कलम १५ मध्ये पुढे पाठवण्याच्या इराद्याने नुसतं जवळ ठेवणाऱ्याला पहिल्या वेळी फक्त दंड, किमान पाच हजार. इंदूरमध्ये चांगला मोबाइल याच्या कितीतरी पट महाग मिळतो. आणि ॲप बनवणारा? त्याच्यासाठी वेगळं कलमच नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की असली चित्रं बनवण्यासाठीच घडवलेलं एआय साधन बाळगणं हाच गुन्हा ठरवणार, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आपल्याकडे दुरुस्ती हवी ती इथे.

'काल्पनिक मूल असेल तर बिघडलं कुणाचं?' असं मला एका तरुण वकिलानेच विचारलं होतं, तेही कँटीनमध्ये, कचोरी खात. त्याला सांगितलं ते इथेही सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लायन-५बी हा चित्रांचा प्रचंड साठा तपासला, ज्यावर चित्रं बनवणारी मॉडेलं शिकवली गेली होती. त्यात खऱ्या मुलांवरच्या अत्याचाराची हजारावर चित्रं पक्की सापडली. म्हणजे काल्पनिक मूल बनवणारं यंत्र कुणाच्या तरी खऱ्या दुःखावर शिकलेलं असू शकतं. आणि प्रमाण? ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशन या संस्थेला २०२३ मध्ये डार्क वेबवरच्या (इंटरनेटच्या लपलेल्या भागातल्या) एकाच मंचावर एका महिन्यात वीस हजारांवर एआय चित्रं दिसली. या ढिगात खरंच संकटात असलेलं मूल शोधायचं कसं, हा पोलिसांपुढचा प्रश्न.

मग ही दुरुस्ती मध्य प्रदेशाने करावी का? करता येते. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात आहे, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्यात टिकवायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक आठवा: डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं आणि संमतीवाचून राहिलं. आपल्याच विधानसभेने डिसेंबर २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलींवरच्या बलात्काराला फाशीचं विधेयक एकमताने मंजूर केलं होतं. पुढे एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये देशभरासाठीच कायदा झाला. म्हणजे राज्याच्या विधेयकाचा दबाव पडतो, हे खरं. पण तुमच्या मुलीच्या मैत्रिणीचं काम त्यासाठी थांबवायची गरज नाही.

राज्याच्या हातात जे पूर्णपणे आहे, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. तो तज्ज्ञ जिल्ह्याजिल्ह्यात आहे का? मोबाइल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की अहवालाची वाट पाहत तारखा पडतात, मुलगी तोवर दहावीतून बारावीत जाते. पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी शाळा हे सगळं राज्याचं. एक पानी कार्यपद्धती प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावायला कुणाची संमती लागत नाही.

एक अवघड गोष्टही सांगते, कारण तुमच्या प्रश्नात 'त्या मुलांना जेलमध्ये टाका' असं आहे. करणारे वर्गातलेच निघण्याची शक्यता मोठी असते. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेहो गावात २०२३ मध्ये वीसहून जास्त मुलींचे असे फोटो बनवले गेले, बनवणारे त्यांच्याच ओळखीतले मुलगे. २०२४ मध्ये बाल न्यायालयाने पंधरा जणांना वर्षभराच्या देखरेखीखाली ठेवलं आणि समज देणारे वर्ग लावले. आपल्याकडेही अठराच्या आतला मुलगा बाल न्याय मंडळासमोर जाईल. करणारे सगळेच अठराच्या आतले असतील आणि गुन्हा जघन्य, म्हणजे कायद्याने सर्वांत गंभीर मानलेल्या, गटातला नसेल, तर २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे एफआयआरऐवजी ठाण्याच्या रोजनाम्यात नोंद होते. याला टाळाटाळ समजून भांडू नका, नोंदीची प्रत मागा.

आता त्या मुलीच्या आईवडिलांना हे सांगा. फोटो पुरावा म्हणून कुणालाही पाठवायचा नाही, मलाही नाही, काकांनाही नाही. पाठवणं हाच कलम १५ चा धोका. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर किंवा आयडी, वेळ, लिंक कागदावर लिहून ठेवा आणि ज्या मोबाइलवर आलं तो तसाच पोलिसांना दाखवा. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलीला आधार हवा असेल तर १०९८. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ जाईल. 'टेक इट डाऊन' नावाची अमेरिकेतल्या एका संस्थेची मोफत सेवा आहे: फोटो तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो, आणि सामील झालेल्या कंपन्या तो ठसा पाहून फोटो अडवतात. व्हॉट्सॲपच्या खासगी ग्रुपांवर तिचा उपयोग होत नाही, पण उघड्या ठिकाणी होतो. शाळा 'आपसात मिटवू' म्हणाली तर कलम १९ दाखवा: माहीत असून पोलिसांना कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मुख्याध्यापकांनाही.

'चाइल्ड पॉर्न' हा शब्दही बदला. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयांना तो वापरू नका असं सांगितलंय. बाल लैंगिक शोषण आणि अत्याचाराची सामग्री असं म्हणायचं. लांबलचक आहे, पण त्यात मुलावर काय झालं ते तरी कळतं.

आणि सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते: तुम्ही प्रश्नात शाळेचं नाव आणि वसाहत दोन्ही लिहिलंय. मुलीची ओळख उघड होईल असं छापणं कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि इंदूरमधले मराठी लोक एवढ्यावरून घर ओळखतात. आत्ताच प्रश्न एडिट करा. केलात की खाली कळवा, मग हा परिच्छेद मी काढून टाकते.